बारा हातांचं चाक

“बोलत न्हाई ती, पन समदं बघती,” मामी दारात उभी राहून शेजारच्या काकूंना सांगत होती.

मी तेव्हा मामांच्या चाकाखाली उताणी पडले होते, हातात टेप आणि दातांत पेन्सिल धरून. काकूंनी वाकून आत पाहिलं. “सांगलीची भाची न्हवं का? इंग्लिश मीडियमची? चाकाखाली काय करती?”

“मापं घेती. कंप्युटरवर काढनार हाय.”

“मग फिरंल व्हय ते?”

“फिरतंय की! आमच्या ह्यांना इचारा,” मामी म्हणाली आणि दोघी हसल्या.

मी पेन्सिल हातात घेऊन बिजागरीपासून वजनापर्यंतचं अंतर लिहिलं आणि पुढच्या हाताकडे सरकले. माझ्याबद्दल माझ्यासमोर असं बोललं जाण्याची मला सवय होती. जी मुलगी बोलत नाही तिला ऐकूही येत नाही, असं लोक धरून चालतात, आणि मी त्याचा लहानपणापासून फायदा घेत आले आहे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली होती. नोकरीचं पत्र आलं होतं, पण रुजू व्हायला महिना होता. तेवढ्यात मामांचा आईला फोन आला. “पोरीला आठ दिवस धाड. एक काम हाय, तिच्याबिगर व्हायचं न्हाई.” काम काय ते आईला माहीत होतं. वर्षभर सगळ्या नातेवाइकांत तेच चाललं होतं. तिने माझी बॅग भरताना एवढंच सांगितलं, “त्याला नाही म्हणू नकोस. तू नाही म्हणालीस तर त्याला लागेल.” मी सांगलीहून कराडला आणि तिथून पाटणमार्गे कोयनानगरच्या गाडीत बसले, तेव्हा ते वाक्य माझ्याबरोबर होतं. पुढे चार दिवस मी त्याच्या आड लपले.

मामांची सगळी नोकरी धरणाच्या प्रकल्पावर झाली. माझे आजोबा माणदेशातली मेंढरं भावाच्या ताब्यात देऊन इथे मजुरीला आले होते. मामा हेल्पर म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण पंपाच्या आवाजात फरक पडला की साहेबलोक आधी त्यांना बोलावत. ते मशीनच्या अंगाला लांब पाना टेकवत, त्याचं दुसरं टोक कानाला लावत आणि सांगत, “मागचं बेअरिंग.” उघडून बघितलं की मागचंच बेअरिंग निघे. हे मला आईने सांगितलं, मामांनी कधी नाही. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. कॉलनीला लागूनच त्यांनी दोन खोल्यांचं पत्र्याचं घर बांधलं आणि पुढच्या खोलीत हे चाक उभं केलं. तेव्हापासून त्यांच्या शब्दाची जी किंमत होती ती दर महिन्याला थोडी थोडी उतरत गेली. चहाच्या टपरीवर त्यांना बघून लोक हवेत बोट गोल फिरवत.

सुरुवात मोबाइलवरच्या व्हिडिओंनी झाली होती. जगभर कोण कोण लोक आपापल्या गॅरेजमध्ये चाकं फिरवत बसलेले असतात. ती चाकं ना विजेवर चालतात, ना पाण्यावर, आणि थांबत नाहीत. मामा त्यांच्यामुळे फसले असं घरात सगळ्यांना वाटायचं. ते खरं नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला असे चार व्हिडिओ दाखवले आणि प्रत्येकातली लबाडी बोट ठेवून सांगितली. “ह्या टेबलाचा पाय बघ किती जाड. आत मोटर हाय. आन हितं बघ, सावली हालती. कोन तरी फुंकनी घिऊन बसलाय.” त्यांना त्या लोकांचा रागच होता. “चोरी करायची तर चाक कशाला पायजे? पंखा लाव की!” स्वतःच्या चाकात लपवायला जागाच राहू नये म्हणून त्यांनी ते सगळ्या बाजूंनी उघडं ठेवलं होतं.

चाक खरंच देखणं होतं. साडेचार फुटांचं, लोखंडी पट्टी गोल वळवून केलेलं. कडेला बारा बिजागऱ्या, प्रत्येकीवर वीतभर लांबीचा एक हात, आणि हाताच्या टोकाला अर्ध्या किलोचं लोखंडी माप. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर पाटणच्या दुकानदारांनी अडगळीत टाकलेली मापं मामांनी मागून आणली होती. ती झिजून कमीजास्त झालेली. म्हणून त्यांनी बाराही मापं कानस मारून सगळ्यांत हलक्या मापाइतकी केली होती. बेअरिंग रॉकेलने धुऊन, ग्रीस काढून टाकून, त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकेकच थेंब सोडला होता. नुसत्या करंगळीने ढकललं तरी चाक बराच वेळ फिरत राही आणि फिरताना हात एकामागून एक टक्, टक्, टक् पडत जात.

आणि स्टँड! प्रकल्पावर कुठलंही मशीन जमिनीत पक्कं रोवल्याशिवाय चालू करत नाहीत. मामांनीही खोलीची फरशी फोडून दीड फूट खड्डा घेतला, त्यात काँक्रीट ओतलं आणि स्टँडचे पाय बोल्टने आवळून टाकले. मामी अजून त्या फरशीबद्दल बोलते.

कल्पना अशी होती. चाक उजवीकडे फिरतं. वरून उजवीकडे आलेला हात बाहेर पडतो आणि लांब पसरतो. डावीकडून वर जाणारा हात मात्र चाकाला बिलगून राहतो. लांबचं वजन जास्त ओढतं. मग उजवी बाजू नेहमीच जड राहणार आणि चाक नेहमीच फिरणार. पहिल्यांदा ऐकलं की पटतं. मलाही अर्धं मिनिट पटलं होतं, दहावीत असताना.

“हे टॉर्कचं गणित आहे,” मी मामांना म्हणाले, आणि मग टॉर्क म्हणजे काय ते सांगायला मला शब्द सापडेना. माझं सगळं शास्त्र इंग्रजीत शिकून झालेलं. घरात मी मराठीतच वाढले, पण त्या मराठीत भाजी होती, पाहुणे होते, टॉर्क नव्हता. मी हवेत हात फिरवून काहीतरी दाखवत राहिले.

“म्हंजी वढ,” मामा म्हणाले. “लांबून धरलं की वढ जास्ती. पान्याला पाइप लावतो तसं.”

“हो. ओढ.”

“मग आसं मराठीत बोल की! तू मला प्रत्येक अंशाला वढ किती ते काढून दे. रविवारी साहेब येनार हायत.”

साहेब म्हणजे त्यांचे जुने एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. तेही निवृत्त होऊन कराडला राहत होते. मामांनी त्यांना आणि वर्कशॉपमधल्या तीन-चार सोबत्यांना चाक बघायला बोलावलं होतं. त्या सगळ्यांनी ‘हाय बाबा काहीतरी’ एवढं जरी म्हटलं, तरी टपरीवरची बोटं थांबणार होती. आणि नाही म्हटलं तर ती कधीच थांबणार नव्हती. मामांनी हे मला सांगितलं नाही. त्यांनी रविवारसाठी शर्ट इस्त्रीला टाकला होता, तो मला दिसला.

ओढीचं गणित मी दीड दिवसात पूर्ण केलं. लॅपटॉपवर चाक काढलं, एकेका अंशाने फिरवलं, बाराही हातांची ओढ मांडली आणि बेरीज केली. आलं ते अपेक्षितच होतं. उजवीकडचे हात लांब असतात, पण कोणत्याही क्षणी ते कमी असतात. डावीकडचे जवळ असतात, पण जास्त असतात. कधी चाकाला थोडी पुढे ओढ असते, कधी मागे. पूर्ण फेरीची बेरीज शून्य. त्यातून बिजागऱ्यांचं घर्षण वजा केलं की शून्याच्याही खाली. मला त्या आकड्यांबद्दल तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. वजन जितकं खाली येतं तितकंच वर न्यावं लागतं, त्यात कुठलीही बिजागरी काही वाचवू शकत नाही.

मला अडवलं ते त्यांच्या वहीने.

रोज संध्याकाळी सहाला मामा चाक हाताने फिरवत आणि आपोआप थांबू देत. ते थांबलं की स्टँडवरच्या खिळ्याच्या नेमकं समोर चाकावर खडूची रेघ मारत. दुसऱ्या दिवशी पाच-सहा वेळा येऊन ती रेघ खिळ्यासमोरच आहे का ते बघून वहीत लिहीत. बहुतेक दिवशी ती तिथेच असे. पण महिन्यातून चार-पाच वेळा चाक पुढे गेलेलं सापडे. दोन बोटं. तीन बोटं. थांबलेलं, कुणी न शिवलेलं चाक. मामांचं म्हणणं, जे थांबल्यावर दोन बोटं चालतं ते घर्षण कमी केलं तर गावभर चालेल.

आणि तपासणीत त्यांनी काही सोडलं नव्हतं. वाऱ्याचा संशय आला म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. मांजराचा आला म्हणून दार लावून घेऊ लागले. उंदराचा आला म्हणून स्टँडभोवती तांदळाचं पीठ भुरभुरवलं होतं. चाक हललं त्या दिवशीही पिठावर एक पाऊल नसे. पत्रा उन्हाने तापतो म्हणून त्यांनी हललेल्या दिवसांपुढे ऊन-ढगही लिहिले होते. त्यात काही मेळ नव्हता. मी वही तीनदा वाचली. खाडाखोड कुठेच नव्हती. ‘हलले नाही’ असं त्यांनी पानंच्या पानं लिहिलं होतं. स्वतःला पाहिजे ते लिहिणारा माणूस ‘हलले नाही’ इतक्या वेळा लिहीत नाही.

माझे आकडे बरोबर होते आणि मामांची वही खरी होती. दोन्ही खरं असेल तर मधलं काहीतरी आम्हा दोघांनाही दिसत नव्हतं.

ते बुधवारी दुपारी दिसलं. मामा दुकानात गेले होते. मी चाकाच्या खोलीत खाली बसून लॅपटॉपवर काम करत होते. मामी मधल्या दारात तांदूळ निवडत होती. बाहेर रस्त्यावरून जड ट्रक यावा तसा आवाज झाला. मग फळीवरची झाकणं किणकिणली, लॅपटॉपचा पडदा थरथरला आणि माझ्या मांडीखालून काहीतरी सरकत गेलं. मी अनवाणी अंगणात पोचले होते. कशी, ते मला आठवत नाही. कपडे धुण्याच्या दगडाला धरून मी उभी होते आणि कुंपणापलीकडून काकू ओरडत होत्या, “आगं वैनी, सांगलीची पाव्हनी भ्याली!”

मामी जागची हललीही नव्हती. सूप मांडीवर तसंच. “ये आत, ये. एवढ्याशाला कुटं पळती? आमी आसं पळाया लागलो तर सैपाक कवा करायचा?”

मी आत आले. आणि चाकाच्या वरच्या बाजूचा जो एक हात दुपारपर्यंत अर्धवट उभा होता, तो पडलेला होता. खडूची रेघ खिळ्याच्या पुढे गेली होती.

मी तिथेच उभी राहून सगळं समजून घेतलं. पटकन बंद होत नाही असं कडक दार असतं, तसा एखादा हात फिरणं थांबल्यावर बिजागरीत अर्धवट अडकून राहत होता. खालची जमीन जरा हलली की तो सुटून पडे, वजन लांब जाई आणि चाक दोन-तीन बोटं सरकून पुन्हा थांबे. ती ताकद मामांच्याच हाताची होती, आदल्या संध्याकाळी दिलेली. मामांनी वारा धरला होता, मांजर धरलं होतं, उंदीर, ऊन, सगळं. जमीन धरली नव्हती. स्टँड दीड फूट काँक्रीटमध्ये रोवून त्यांनी जमिनीचा प्रत्येक झटका सरळ चाकात आणून सोडला होता, आणि जन्मभर कोयनेत, नेहमीच्या बारीक भूकंपांत राहिल्यामुळे तो झटका त्यांच्या खिजगणतीत नव्हता.

एवढ्यात ते चहापत्ती घेऊन आले. आल्या आल्या चाकाकडे बघितलं.

“तीन बोटं! हितं कोन होतं?”

“आमी दोघीच,” मामी म्हणाली. “कोन न्हाई शिवलं.”

“काय झालं का मगाशी?”

“काय न्हाई झालं.”

मामीने हे इतक्या सरळपणे सांगितलं की मी तिच्याकडे बघतच राहिले. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या दृष्टीने काही झालंच नव्हतं. मामांनी वही काढली आणि लिहिलं.

“मामा,” मी म्हणाले.

“काय गं?”

त्यांच्या कानाला फोन होता. ते त्यांच्या जुन्या वायरमन मित्राला सांगत होते, “आरं, आत्ता, आत्ता हाललं! पोरीच्या डोळ्यादेखत! रविवारी ये गड्या, तुला दावतो.”

“काही नाही,” मी म्हणाले.

आईचं वाक्य मला तेव्हा फार उपयोगी पडलं. आधी पक्की खात्री करू, मग सांगू, असंही मी स्वतःला समजावलं. खात्री माझी झालेलीच होती.

गुरुवारी मामा नट आणायला पाटणला गेले. मामी काकूंकडे होती. मी वरवंटा पोत्यात गुंडाळला आणि स्टँडजवळ गुडघ्याएवढ्या उंचीवरून जमिनीवर सोडला. काही नाही. मग कमरेच्या उंचीवरून सोडला. वरचा हात टक् करून पडला आणि चाक सरकलं. मी ते हाताने फिरवलं, पुन्हा थांबू दिलं, पुन्हा वरवंटा सोडला. पुन्हा हात पडला. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले. माझा तर्क माझ्यासमोर दोनदा खरा झाला होता. सगळ्या कॉलेजात मला असं कधी वाटलं नव्हतं.

मग लक्षात आलं की मामांची आदल्या संध्याकाळची रेघ बिघडली आहे. मी चाक मागे आणायला बघितलं. जिथे रेघ खिळ्यासमोर यायची तिथे चाक काही केल्या थांबेना. हात वेगळे पडले होते, त्यामुळे ओढ वेगळी झाली होती. याचं गणित मला कोणापेक्षाही जास्त येत होतं आणि तरी ते मला परत बसवता येईना. मी पीठ नीट पसरलं, वरवंटा पाट्यावर ठेवला आणि ठरवलं की मामा आले की लगेच सांगायचं.

मामा आले. चप्पल काढायच्या आधी त्यांनी चाकाकडे बघितलं.

“पाच बोटं!” ते म्हणाले. “आजवर पाच कधी न्हाई!” आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. बाहेर येईपर्यंत त्यांनी लिहून टाकलं होतं. गुरुवार, पाच बोटं, आभाळ स्वच्छ, पिठावर खूण नाही.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. मी मामांना माझी कोष्टकं दाखवली. बेरीज शून्य आहे हेही सांगितलं. अगदी हळू आवाजात, पडद्याकडे बघत. ते म्हणाले, “कागदावर शून्य आसंल. पन जाग्यावर पाच बोटं गेलंय न्हवं?” यावर माझ्याकडे खरं उत्तर होतं. मी ते दिलं नाही.

रविवारी अकराला सगळे आले. साहेब उंच, पांढऱ्या केसांचे, पायांत बूट. ते दारातच काढू लागले तर मामी म्हणाली, “आवं साहेब, राहू द्या, राहू द्या.” वायरमन काका आल्या आल्या चाकाभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, “देवा, मला पगारवाढ मिळू दे,” आणि बाकीचे दोघं हसले. मामाही हसले. इस्त्रीच्या शर्टात ते मला नवऱ्या मुलासारखे दिसत होते.

त्यांनी चाक फिरवून दाखवलं. साहेबांनी खाली वाकून बेअरिंग बघितलं आणि म्हणाले, “काम सुरेख आहे. तुझंच काम.” मग चाक थांबलं. थोडा वेळ सगळे थांबलेल्या चाकाकडे बघत बसले. काही झालं नाही.

“आत्ता न्हाई हालायचं ते,” मामा म्हणाले. “कवा हालंल सांगता येत न्हाई. पन हालतं. लिवलंय समदं.” आणि त्यांनी वही साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी चष्मा लावून वही पहिल्या पानापासून वाचली. घाई केली नाही. मामीने चहा आणला तो त्यांनी तसाच ठेवला. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“हे गुरुवारचं काय? सगळीकडे दोन, तीन, दोन, आणि इथे एकदम पाच?”

“व्हय साहेब. त्या दिशी लयच गेलं.”

“हे मला पटत नाही.”

“हितं हात लागलाय,” वायरमन काका म्हणाले. “वैनी, झाडू मारताना ढकलता का वो?”

“मी त्या खोलीत जातच न्हाई. माझी फरशी फोडलीया त्यांनी.”

“मग ह्यानंच भरलं आसंल घरबसल्या! आमी भरायचो तसं.” ते साहेबांकडे वळले. “आता सांगाया हरकत न्हाई साहेब. आमी ड्युटीवर आठ तासांची रीडिंगं एकाच येळी लिवायचो. एकदा चहा प्यायचा, एकदा पेन उचलायचं, झाली ड्युटी!” सगळे हसले.

“ते मला तेव्हाही माहीत होतं,” साहेब म्हणाले. ते हसले नव्हते. त्यांनी वही मिटली आणि मामांकडे बघितलं. “एकट्या तुझ्या लॉगबुकवर मी न वाचता सही करायचो. तू तासाला उठून जिना उतरून मीटर बघायचास, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण ही वही… चाकाचं वेड मी समजू शकतो. म्हातारपणी कुणाला काय सुचेल. पण म्हणून तू रीडिंग बनवायला लागावंस, हे मला बरं वाटलं नाही.”

वायरमन काकांनी कपाची कड पुसली.

मामांनी वही परत घेतली, ती दोन्ही हातांत धरली आणि तिच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. चाक फिरणार नाही हे कळल्यावर त्यांना किती लागेल याची मी चार दिवस काळजी करत होते. इथे चाकाचं कोणी बोलतच नव्हतं. गेलं ते वेगळंच काही होतं, आणि ते माझ्या एका नोंदीमुळे गेलं होतं.

मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून माझा आवाज निघाला नसता.

“मी,” मी म्हणाले आणि अडकले.

“बोलली रं, बोलली!” वायरमन काका म्हणाले.

“गप गड्या,” मामा म्हणाले. “बोलू दे तिला.”

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे होते. मी फक्त मामांकडे बघितलं आणि एका दमात बोलले. मध्ये कुठे इंग्रजीकडे गेले नाही.

“मामा, गुरुवारी चाकाला हात मी लावला. तुम्ही पाटणला गेलात तेव्हा वरवंटा आपटून बघत होते, आणि मग मला ते परत बसवता आलं नाही. तुम्हाला सांगायचं धाडसही झालं नाही. बुधवारी चाक हललं तेव्हा जमीन हलली होती. मी पळत बाहेर गेले होते, काकूंना विचारा. मामी काय न्हाई झालं म्हणाली, कारण तुम्हा इथल्या लोकांना ते काही वाटतच नाही. पण चाकाला कळतं. तुम्ही बेअरिंग इतकं हलकं केलंय आणि पाय इतके खोल रोवलेत की आपल्याला कळत नाही तेही त्याला कळत असणार. आपोआप ते फिरत नाही, मामा. पुढेही फिरणार नाही. मी एकेक अंश मोजलाय, त्यात माझी चूक नाही. तुमच्याही वहीत चूक नाही. गुरुवारची एक नोंद खोटी आहे आणि ती माझी आहे. ती खोडा. आणि साहेब, बाकीच्या सगळ्या पानांवर तुम्ही सही करा.”